उसाचा हिरवा रंग आणि विहिरीतला ऑर्केस्ट्रा: ‘सैराट’ पुन्हा पाहताना

सिनेमातल्या रंगांवर आम्ही पॉडकास्टमध्ये बोललो तेव्हा ‘सैराट’चा विषय निघाला आणि नेमकी तिथेच वेळ संपली. तेव्हा राहून गेलेलं इथे लिहितेय. सिनेमा पाहिला नसेल तर आधी पाहा, मग वाचा. शेवट लपवून या सिनेमाबद्दल काही धड लिहिता येईल असं मला वाटत नाही.

आधी थोडं इथलं. सनीव्हेलमध्ये गणपती असो, कुणाचं डोहाळजेवण असो की एखाद्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्सच्या क्लबहाऊसमधला वाढदिवस, रात्री साडेनऊच्या सुमाराला ‘झिंगाट’ लागतंच. आवाज कमी करा असं सांगायला मॅनेजर येण्याआधी ते वाजवून घ्यायचं असतं. इथे जन्मलेली, ‘मला मराठी समजतं पण बोलता येत नाही’ म्हणणारी मुलंसुद्धा त्यावर नाचतात. मीही नाचते. गाणं उत्तमच आहे, त्यात काही वाद नाही. प्रश्न एवढाच की सिनेमात हे गाणं नेमकं कुठे येतं आणि ते संपल्यावर काय होतं, हे नाचणाऱ्यांपैकी किती जणांना आठवतं? ‘सैराट’ म्हटल्यावर लोक एक तर गाणी सांगतात, नाही तर शेवट सांगतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, यावर मात्र फारसं बोललं जात नाही. माझ्या मते सगळा सिनेमा त्या संबंधातच आहे.

नागराज मंजुळेंचा ‘सैराट’ फेब्रुवारी २०१६ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला आणि २९ एप्रिल २०१६ ला महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. कॅमेरा सुधाकर रेड्डी यक्कंटींचा, संगीत अजय-अतुलचं. गोष्ट कॉलेजातल्या दोन मुलांची. अर्ची पाटलांची मुलगी, वडील राजकारणात. परश्या मासे धरणाऱ्या घरातला, गावाच्या उतरंडीत खालचा. गाव सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा भागातलं.

या भागाचा रंग खरं तर हिरवा नाही. सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेत येतो. पाऊस कमी आणि बेभरवशाचा, माळ उघडे, बाभळी आणि कुसळं. तिथे हिरवं दिसतं ते जिथे पाणी पोचलंय तिथेच. भीमेवर उजनीचं धरण १९८० च्या सुमाराला पूर्ण झालं आणि त्याच्या पाण्यावर ऊस आणि केळी उभी राहिली. दोन्ही पिकं पाणी पिणारी. म्हणजे करमाळ्यात हिरवा रंग हा निसर्ग नाही, ती मालमत्ता आहे. कुणाकडे किती पाणी आहे, कुणाची विहीर, कुणाची पाइपलाइन, कारखान्याच्या संचालक मंडळावर कोण, हे सगळं त्या रंगात असतं. पुण्या-मुंबईतून बघणाऱ्याला ऊस दिसला की ‘काय सुंदर गाव आहे’ असं वाटतं. तिथल्या माणसाला ऊस दिसला की तो कुणाचा आहे ते आधी कळतं.

‘सैराट’च्या पूर्वार्धातलं प्रेम या हिरव्यात घडतं. उसाच्या कडेने, केळीच्या बागांतून, पाण्याच्या काठाने दोघं एकमेकांना शोधत राहतात. प्रकाश बहुतेक वेळा कललेला, तिरपा, मधासारखा. माझं रोजचं काम प्रकाश मोजण्याचं आहे, त्यामुळे हे बघताना डोकं नको तिकडे जातं. सूर्य क्षितिजाजवळ असला की त्याच्या किरणांना वातावरणातून जास्त अंतर कापावं लागतं, वाटेत निळा भाग विखुरून जातो आणि उरलेलं पिवळं-तांबूस तेवढं आपल्यापर्यंत येतं. असा प्रकाश दिवसातून जेमतेम तासभर मिळतो. त्या तासात माणसाची त्वचा, धूळ, कापड सगळं एकाच कुळातलं दिसायला लागतं. अर्चीचं घर आणि परश्याचं घर उन्हात सारखं दिसत नाही, या प्रकाशात दिसतं. हा मला सिनेमातला सगळ्यात हुशार खोटेपणा वाटतो. प्रेमात पडलेल्या वीस वर्षांच्या पोराला जग जसं दिसतं तसं ते दाखवलंय, आणि आपण ते जग तसंच आहे असं मानून बसतो.

यात सिनेमा कधी आला हेही बघायला हवं. एप्रिल २०१६ मध्ये मराठवाडा आणि आसपासचे जिल्हे दुष्काळात होरपळत होते. त्याच महिन्यात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वेगाडी सुरू झाली होती. त्या उन्हाळ्यात लोक थिएटरात बसून हिरवागार ऊस आणि भरलेली विहीर बघत होते. (कॅलिफोर्नियातही तेव्हा दुष्काळच होता. २०१५ मध्ये गव्हर्नर ब्राऊन यांनी शहरांना पाणीवापर पंचवीस टक्क्यांनी कमी करायचा हुकूम दिला होता. मी तेव्हा इथे नव्हते, जर्मनीत पीएचडीच्या पहिल्या वर्षात धडपडत होते. पण सनीव्हेलमधले जुने लोक सांगतात की लॉन पिवळं पडलेलं घर तेव्हा शरमेचं राहिलं नव्हतं, उलट हिरव्या लॉनकडेच लोक संशयाने बघायचे. हिरवा रंग पाण्याचा हिशोब सांगतो हे इथल्यांनाही तेव्हा कळलं होतं.)

आता विहिरीकडे येऊ. ‘याड लागलं’ या गाण्यात परश्या धावतो, पाण्यात उडी घेतो, पोहतो, परत धावतो आणि अर्ची मैत्रिणींबरोबर पोहत असलेल्या विहिरीत थेट उडी टाकतो. बरंच स्लो मोशन, वर भरभरून व्हायोलिनं. विहिरीत पडल्यावर मात्र अर्ची त्याला सरळ बाहेर हो म्हणते. विहिरीवर हक्क कुणाचा हे तिच्या आवाजावरूनच कळतं. इतक्या मोठ्या संगीताचा शेवट एका करड्या हुकुमाने होतो आणि थिएटर हसतं.

हसण्यासारखं आहेच. पण महाराष्ट्रात खालच्या मानलेल्या घरातल्या मुलाने वरच्या घरातल्या पाण्यात उडी घेणं ही साधी गोष्ट नाही. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाणी प्यायल्यामुळे काय झालं ते आपण शाळेत शिकलोय. मंजुळे इथे महाडचं नाव घेत नाहीत, कुणी भाषण देत नाही, परश्याच्या डोक्यातही काही नसतं, त्याला फक्त अर्ची दिसायला हवी असते. सिनेमा फक्त त्याची उडी दाखवतो आणि खाली ऑर्केस्ट्रा वाजवतो. आपल्या मनात जर ‘अरे, हा कुणाच्या विहिरीत उडी मारतोय’ अशी भीती उमटत असेल तर संगीत ती दाबून टाकतं. ते सांगतं की हे प्रेमगीत आहे, प्रेमगीतात उडी मारायचीच असते, घाबरू नका. संगीताचं ऐकून आपण बेसावध होतो.

या ऑर्केस्ट्राची एक गंमत इथल्या वाचकांना जास्त जवळची वाटेल. ‘सैराट’मधलं सिम्फनी पद्धतीचं वादन कॅलिफोर्नियात रेकॉर्ड झालं, कल्व्हर सिटीतल्या सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर. सनीव्हेलहून गाडीने पाच-सहा तास, ट्रॅफिकने दया केली तर. हा स्टुडिओ पूर्वी एमजीएमचा होता आणि ‘द विझर्ड ऑफ ऑझ’चं संगीतही त्याच ठिकाणी रेकॉर्ड झालं होतं. तो १९३९ चा सिनेमा तुमच्यापैकी इथे वाढलेल्यांनी लहानपणी पाहिला असणार. कॅन्सस मातकट तपकिरी रंगात, आणि दार उघडल्यावर ऑझ एकदम रंगीत. घर सोडलं की रंग सापडतात, आणि शेवटी मुलगी स्वतःहून तपकिरी घरी परत येते. ‘सैराट’ हे अगदी उलटं करतो. इथे रंग घरी आहेत, ऑर्केस्ट्रा घरी आहे. घर सोडलं की दोन्ही जातात. आणि परत यायची सोय नसते, घरच शोधत मागे येतं. एकाच रेकॉर्डिंग स्टेजवरून दोन सिनेमांचं संगीत बाहेर पडलं हा योगायोग आहे, त्यातून मी काही सिद्धांत काढत नाहीये. पण शेजारी ठेवून बघण्यासारखी जोडी आहे.

गावाकडची गोष्ट म्हटली की मराठी सिनेमात ढोलकी, संबळ, तुणतुणं, फार तर बासरी. स्वतः अजय-अतुलनीच २०१० च्या ‘नटरंग’मध्ये ढोलकीचं काय करता येतं ते दाखवलं होतं, तेव्हा त्यांना ते येत नव्हतं असं नाही. ‘सैराट’मध्ये त्यांनी सोलापुरी बोलीखाली युरोपियन ऑर्केस्ट्रा ठेवला. ‘वेड’ नव्हे, ‘याड’. पुण्याच्या शाळेत हा उच्चार केला असता तर बाईंनी दुरुस्त केला असता. त्या उच्चाराखाली पन्नासेक वर्षं हॉलिवूडच्या नायकांसाठी राखून ठेवलेली व्हायोलिनं वाजतात. काही समीक्षकांना आणि मित्रांना हे भपकेबाज वाटतं. गावाला गावाचंच संगीत द्यायला हवं होतं, असं त्यांचं म्हणणं. मला हे पटत नाही. मासे धरणाऱ्याच्या पोराचं प्रेम मोठं दाखवायचं तर त्याने त्याच्या मापाचंच वाद्य वापरावं, असा त्याचा अर्थ होतो. त्याला मोठं माप दिलं आणि ते त्याला बसतंय हे दाखवलं, यातच या गाण्यांचं धाडस आहे. फुलपाखरू, कमळ, चांदणं यांच्याशिवायही मराठीत प्रेमगीत होतं, ते वेगळंच.

‘आताच बया का बावरलं’ हे गाणं अर्चीचं. श्रेया घोषालचा आवाज, आणि पडद्यावर बुलेट चालवणारी, ट्रॅक्टर चालवणारी रिंकू राजगुरू. कॉलेजच्या प्रेमकथेत मुलगी साधारणपणे बघितली जाते. इथे ती बघते, आणि चांगलं दणकून बघते. या गाण्यात तिला तिच्याच जमिनीवर मोकळं सोडलंय. पण ती इतकी मोकळी का आहे, याचं उत्तरही त्याच हिरव्यात आहे. ती पाटलाची आहे म्हणून बुलेट आहे, म्हणून तिला कुणी अडवत नाही. गाणं आपल्याला तिची मोकळीक दाखवतं, ती कशाच्या जिवावर आहे ते आपण गाण्यात विसरतो. पुढे तीच मुलगी हैदराबादमध्ये एका फॅक्टरीत कामाला उभी राहते तेव्हा ते आठवतं.

मधे एक छोटा प्रसंग आहे. कॉलेजच्या वर्गात अर्चीचा भाऊ प्रिन्स शिकवणाऱ्या सरांच्या थोबाडीत मारतो. त्यावर पुढे काहीच होत नाही, हेच त्या प्रसंगाचं म्हणणं. पहिल्यांदा पाहताना मला हा प्रसंग गाण्यांच्या मधे अडकलेला वाटला होता. दुसऱ्यांदा पाहताना कळलं की गाणी त्याच्या अवतीभवती लावली आहेत, म्हणजे आपण तो पटकन विसरावा. आणि आपण विसरतो.

आता ‘झिंगाट’. प्रिन्सचा वाढदिवस आहे. पाटलांच्या घरी रोषणाई, गर्दी, अख्खं गाव नाचायला आलेलं. व्हायोलिनं बाजूला झाली आहेत, आता लग्नाच्या वरातीतल्या बँजो पार्टीचा दणका आहे, इलेक्ट्रॉनिक ठेक्यासकट. रंगही बदललेत. पूर्वार्धात पहिल्यांदाच इतका कृत्रिम उजेड आहे, रात्रीचे दिवे, माळा. मधासारखा तिरपा प्रकाश गेला. संध्याकाळच्या प्रकाशात सगळे सारखे दिसत होते, रोषणाईत कोण कुणाच्या अंगणात नाचतंय हे स्पष्ट दिसतं. अर्ची नाचते, परश्या नाचतो, एकमेकांकडे बघत. आणि त्याच रात्री दोघं पकडले जातात. मारहाण, पळापळ. ‘झिंगाट’ नंतर या सिनेमात एकही गाणं नाही.

म्हणजे आपण क्लबहाऊसमध्ये ज्यावर नाचतो ते सिनेमातलं शेवटचं गाणं आहे, आणि ते ज्याच्या वाढदिवसाचं आहे तोच शेवटी सुरा घेऊन येतो. हे सांगितलं की लोक माझ्याकडे ‘आता पार्टीत हे कशाला’ अशा नजरेने बघतात. त्यांचं बरोबर आहे, पार्टीत कशालाच. गाणं सिनेमातून सुटून बाहेर येतं, त्याचं स्वतःचं आयुष्य सुरू होतं, सगळ्याच चांगल्या गाण्यांचं तसं होतं. पण ‘सैराट’च्या बाबतीत मला एक शंका राहतेच. गाणी एवढी चांगली झाली की त्यांनी सिनेमाला हरवलं का? प्रेक्षकाला भुलवून मग जागं करायचं असा बेत असेल तर भूल किती द्यायची याचंही माप लागतं. ज्या घरांत मुलीच्या प्रेमाला थेट विरोध झाला असता त्याच घरांच्या लग्नांत ‘झिंगाट’ वाजलं, वाजतंय. इथेही, नव्या ओळखीत तिसऱ्या वाक्याला ‘म्हणजे तुम्ही कुठले, आडनाव काय’ असं विचारणारी मंडळी त्यावर अगदी मनापासून नाचतात. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने २०२३ मध्ये जातीवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्धचं एसबी ४०३ हे विधेयक मंजूर केलं, तेव्हा इथल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर महिनाभर जुंपली होती. गव्हर्नर न्यूसम यांनी ऑक्टोबरमध्ये त्यावर व्हेटो वापरला. कायदा हवा की नको यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं, मी इथे त्यात शिरत नाही. मला आश्चर्य वाटलं ते ‘आपल्यात असलं काही नाही’ हे किती सहज लिहिलं गेलं याचं. पूर्वार्ध पाहून उठून गेलेल्या प्रेक्षकाला असंच वाटणार.

उत्तरार्धाबद्दल मराठीत नेहमी एक तक्रार ऐकू येते की तो लांबतो. सिनेमा जवळपास तीन तासांचा आहे, तेव्हा तक्रार अगदीच खोटी नाही. पण मला वाटतं लांबी खटकत नाही, गाणी नसणं खटकतं. आपल्या हिंदी-मराठी सवयीच्या कानाला दर पंधरा-वीस मिनिटांनी एक गाणं हवं असतं. ते आलं नाही की वेळ मोजायला लागतो आपण. गावात दोघांसाठी वेळ थांबत होता, आता त्यांनाही तो मोजावा लागतो आहे: भाडं, शिफ्ट, पगाराची तारीख. रंगही उतरले आहेत. वस्तीतला राखाडी, पत्र्याचा, सांडपाण्याचा रंग. स्लो मोशन नाही. कुणाचाही चेहरा मधाळ दिसत नाही.

आणि आवाज. हैदराबादमध्ये पोचल्यावर दोघांच्या कानावर तेलुगू पडते, आणि बहुसंख्य मराठी प्रेक्षकांना ती समजत नाही. सुरुवातीला ती भाषा निव्वळ गोंगाट म्हणून येते. हळूहळू अर्ची ती शिकते, कामावरच्या मैत्रिणीकडून, मोडकीतोडकी. परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी सिनेमातला हा सगळ्यात ओळखीचा भाग आहे, आणि आपण त्याच्याबद्दलच सगळ्यात कमी बोलतो. म्युनिक किंवा सनीव्हेल म्हणजे हैदराबादची ती वस्ती नव्हे, आपण व्हिसा घेऊन, विमानाने, आईच्या हातचे लाडू घेऊन आलो. तरीही दुकानात उभं राहून समोरचा आपल्याशी बोलतोय की आपल्याबद्दल, हे न कळणं तेच. आणि एके दिवशी ते कळायला लागतं, तेव्हा गोंगाटाची भाषा होते, हेही तेच. सिनेमा हा बदल एकही वाद्य न वाजवता करतो. मला तो ‘याड लागलं’पेक्षा कमी मोठा वाटत नाही.

इथे माझं एक भांडण आहे. शहर इतकं काळवंडलेलं दाखवायची गरज होती का? शहरानेच या दोघांना वाचवलंय. छाया कदम यांची सुमनअक्का, जी त्यांना खोली देते, डोशाच्या गाडीवर परश्याला काम देते, ती शहराचीच ना? ज्या गावात त्यांना मारायला माणसं फिरताहेत त्याला मधाचा रंग, आणि जिथे आडनाव न विचारता जेवायला मिळालं त्याला राखाडी. आठवण असते तशी, असं म्हणून याचं समर्थन करता येतं. रडत बसलेल्या अर्चीला घर आठवतं ते सोनेरीच आठवणार. पण कॅमेरा थोडा काळ अर्चीपेक्षा शहाणा असू शकला असता. नंतर रंग परत येतात खरे, सावकाश: स्कूटर, नवा फ्लॅट, लहान मूल, स्वतःच्या पैशांचे कपडे. पण ते गावाचे रंग नसतात, ते दुकानातून आणलेले, इस्त्री केलेले रंग असतात. मला तेही आवडले. त्यांच्यावर गाणं कुणी केलं नाही, एवढंच.

मंजुळेंना गाण्याशिवाय शाळेतलं प्रेम दाखवता येतं हे ‘फँड्री’ने आधीच दाखवलं होतं. तो १४ फेब्रुवारी २०१४ ला, व्हॅलेंटाइन्स डेला, महाराष्ट्रात आला, ही तारीखही बोचरीच. तिथला जब्या वर्गातल्या शालूकडे बघत राहतो आणि काळ्या चिमणीच्या मागे हिंडतो. रंग माळाचे: खाकी, काटेरी, धुळकट. ऊस नाही, ऑर्केस्ट्रा नाही. जत्रेत जब्याच्या डोक्यावर दिवा धरायला दिला जातो. सगळा उजेड त्याच्या डोक्यावर, आणि नाच दुसऱ्यांचा. ज्यांना ‘सैराट’ची रोषणाई आठवते त्यांनी हा प्रसंग पुन्हा बघावा. डुक्कर पकडण्याच्या झटापटीत मधेच शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात. संगीत प्रसंगाचा सूर ठरवतं म्हणतात, त्याचं इतकं क्रूर आणि इतकं विनोदी उदाहरण मला दुसरं माहीत नाही. ‘फँड्री’त प्रेक्षकाला कुठेच बेसावध होऊ दिलं नाही, म्हणून तो कमी लोकांनी पाहिला. ‘सैराट’ने बेसावध केलं आणि शंभर कोटींच्या वर गेला. मंजुळेंनी हा हिशोब जाणूनबुजून केला असावा असं मला वाटतं, आणि त्यात मला काही वाईट दिसत नाही.

तीच गाणी दुसऱ्या रंगात गेली तर काय होतं, याचं उत्तर फुकट मिळालं आहे. २०१८ मधला हिंदी ‘धडक’. संगीतकार तेच. ‘याड लागलं’ची चाल ‘पहली बार’ म्हणून आली, ‘झिंगाट’ हिंदीत ‘झिंगाट’च राहिलं. जागा उदयपूर: तळी, महाल, बांधणीचे दुपट्टे. सगळंच सुंदर, पर्यटन खात्याच्या जाहिरातीसारखं. आणि चाल मेली. तीच व्हायोलिनं, पण महालाखाली व्हायोलिनं वाजली तर त्यात नवल काय? महालाला ती हवीच असतात. उजनीच्या पाण्यातून धावत येणाऱ्या पोराखाली ती वाजली तेव्हा काहीतरी हललं होतं. ‘धडक’मध्ये जातही अशीच पार्श्वभूमीत विरघळून गेली आहे. एक मोठं घर, एक साधं घर, इतकंच उरतं. तळ्याचं पाणी सगळ्यांचंच दिसतं, त्यामुळे उडी मारायला विहीरच राहत नाही.

‘सैराट’चा शेवट मी तीनदा पाहिलाय. फ्लॅटच्या दारात अर्ची रांगोळी काढते आहे. माहेरची माणसं येतात, प्रिन्स येतो, आईने दिलेल्या वस्तू घेऊन. ती चहा टाकते. इथे कुठलाही नेहमीचा सिनेमा खालून एक जाड, गडद सूर सोडायला लागला असता, म्हणजे आपण सावध झालो असतो. पूर्वार्धात संगीत आपल्याला ‘घाबरू नका’ म्हणत होतं. इथे ते ‘घाबरा’ म्हणत नाही. काहीच म्हणत नाही. शेजारणीकडे गेलेलं मूल परत येतं, आत जातं, आणि मग आवाज काढूनच घेतलेला आहे. संगीत नाही, रडणं नाही, रस्ता नाही. लहान पावलं लाल ठसे उमटवत दाराबाहेर जातात.

थिएटरात या जागी इतर माणसांचे श्वास आणि खुर्च्या ऐकू आल्या असतील. मी तिन्ही वेळा घरी पाहिला. दोनदा जर्मनीतल्या खोलीत, लॅपटॉपवर. तिसऱ्यांदा इथे, चांगले स्पीकर लावून, आणि त्या स्पीकरमधून काहीच आलं नाही. फ्रिजची घरघर ऐकू आली, आणि खालच्या मजल्यावर कुणीतरी भांडी लावत होतं.